मातीचा बैल आणि दगडातले शेवाळ : चिपळोणकरिनाची गोष्ट

(येरवडा येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन)

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या मित्रांनी फोन केला. म्हणाले, अहो, तुमचा पेशा तत्त्वज्ञानाचा, आणि हे ब्रायोझोआ का काय ते मध्येच कुठून आलं? त्यांची शंका रास्त आहे. म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो.

आमच्या टेबलावर कागद दाबायला एक दगड होता. कैक वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थ्यांबरोबर मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाघच्या लेण्यांना गेलो होतो. तिथून थोड्या अंतरावर, शेताच्या बांधाला लावलेल्या ढिगातून हा तांबूस दगड उचलला. त्याच्यावर सुतळीच्या तुकड्यांसारख्या बारीक फांद्याच फांद्या होत्या. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात त्या खडकाचे नाव इंग्रजीत ‘कोरलाइन लाइमस्टोन’. म्हणजे पोवळ्यांचा चुनखडक. आम्ही तेच धरून चाललो. वर्गात ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ शिकवताना तो दगड हातात घेऊन सांगायचो, की हे पोवळे, आणि हे एका काळी समुद्रात होते. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी ते वहीत उतरवून घेतले.

पुढे आमचाच एक विद्यार्थी, तत्त्वज्ञान सोडून भूगर्भशास्त्राकडे गेलेला, घरी आला. दगड उचलून त्याने खिशातले भिंग लावले आणि अगदी संकोचून म्हणाला, सर, हे पोवळं नाही, यात पोवळं जवळजवळ नाहीच. आम्ही म्हटले, मग काय आहे? म्हणाला, शेवाळप्राणी.

त्या दिवसापासून हा विषय आमच्या मागे लागला. एखादी वस्तू कोणत्या खणात ठेवायची, आणि खण चुकला तर नेमके काय बिघडते, हा मुळात तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. त्याचे इतके सुंदर उदाहरण आम्हांला शास्त्रग्रंथांतही मिळाले नव्हते.

आधी हा प्राणी कोण ते पाहू. ब्रायोझोआ हा ग्रीक शब्दांचा जोड आहे : ब्रायोन म्हणजे शेवाळ, झोऑन म्हणजे प्राणी. आपल्या बोलीत शेवाळ म्हटले की विहिरीतला हिरवा बुळबुळीत थर डोळ्यांसमोर येतो. इथे अपेक्षित आहे ते पावसाळ्यात भिंतीवर मखमलीसारखे उगवते ते. समुद्रातल्या खडकांवर, शिंपल्यांवर, जहाजांच्या तळाला, गोड्या पाण्यात बुडालेल्या काटक्यांवर हे प्राणी तसेच पसरतात. एकटा जवळजवळ कधीच राहत नाही, वसाहत करून राहतो. वसाहतीतला एकेक जीव, त्याला झूइड म्हणतात, बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही लहान. प्रत्येकाची स्वतःची पेटी किंवा नळी. तिच्या तोंडातून तो बारीक संस्पर्शकांचा झुपका बाहेर काढतो, पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातो आणि धोका वाटला की क्षणात आत ओढून घेतो. एका झूइडला कळ्या फुटत फुटत हजारोंची वसाहत होते. सगळ्यांचा जन्म एकाच डिंभकापासून, म्हणजे एकाच पिल्लापासून, म्हणून सगळे जनुकीय दृष्ट्या एकच. काही वसाहतींत तर कामेही वाटलेली असतात. काही झूइड फक्त खाणारे, काहींचे तोंड पक्ष्याच्या चोचीसारखे, ते खात नाहीत, नुसते चावतात. डार्विनने ‘बीगल’ जहाजाच्या प्रवासात या चोची फार कुतूहलाने पाहिल्या होत्या. मग व्यक्ती कोणाला म्हणायचे? झूइडला की वसाहतीला? तो प्रश्न आज बाजूला ठेवू, नाहीतर रात्र इथेच जाईल.

आता यांना ठेवायचे कुठे? इतिहास असा की हे प्राणी दर शंभर वर्षांनी घर बदलत आले. आधी लोक त्यांना समुद्रातली झाडेच समजत. 1755 साली जॉन एलिस नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने ‘कोरलाइन’ नावाखाली समुद्रातल्या अशा झाडासारख्या वस्तूंवर मोठे पुस्तक लिहिले आणि यांतल्या पुष्कळ वस्तू प्राण्यांच्या आहेत असे दाखवले. पुढे 1830 साली आयर्लंडमधले जॉन व्हॉन टॉमसन यांनी पाहिले की यांची अन्ननलिका पोवळ्याच्या प्राण्यासारखी एकाच तोंडाची पिशवी नाही. तिला दोन टोके आहेत, खायचे वेगळे आणि टाकायचे वेगळे. म्हणजे पोवळ्याशी संबंध संपला. त्यांनी नाव दिले पॉलिझोआ. पुढच्याच वर्षी जर्मनीत एरेनबर्ग यांनी नाव दिले ब्रायोझोआ. मग इंग्रज पॉलिझोआ म्हणत राहिले, बाकी युरोप ब्रायोझोआ. भांडण शंभर वर्षे पुरले.

1869 च्या सुमारास नित्शे या जर्मन शास्त्रज्ञाने आणखी एक फाळणी केली. काहींचे गुदद्वार संस्पर्शकांच्या कड्याच्या आत असते, काहींचे बाहेर. हसू नका, पूर्ण शास्त्रीय बाब आहे. आतले ते एंटोप्रोक्टा, बाहेरचे ते एक्टोप्रोक्टा. पुढे हे दोन वेगळे संघच मानले गेले. आज आपण ब्रायोझोआ म्हणतो ते बाहेरचे. त्यांच्या आज जिवंत असलेल्या सुमारे सहा हजार जाती माहीत आहेत. जीवाश्मांच्या रूपातल्या त्याहून कितीतरी जास्त, पंधरा हजारांच्या आसपास. जिवंतांपेक्षा मेलेले जास्त ठाऊक असलेला हा समाज आहे.

या समाजाचे तीन वर्ग. पहिला फक्त गोड्या पाण्यातला, शंभराच्या आसपास जातींचा. अंगावर चुन्याचे कवच नाही, त्यामुळे जीवाश्म अगदी थोडे. दुसरा चुन्याच्या लांब नळ्यांत राहणाऱ्यांचा. एके काळी याचेच राज्य होते, आज त्यातला एकच गण शिल्लक आहे, सायक्लोस्टोम. त्यांच्या नळीचे तोंड गोल असते, आपण त्यांना गोलतोंडे म्हणू. तिसऱ्या वर्गात दोन गण. एक बिनकवचाचा, टेनोस्टोम. दुसरा कायलोस्टोम, ग्रीकमध्ये कायलोस म्हणजे ओठ. हे आखूड पेटीत राहतात, पेटीला उघडझाप करणारे झाकण असते. यांना ओठतोंडे म्हणू. आजच्या समुद्रात बहुमत यांचेच. गोलतोंडे आणि ओठतोंडे, एवढी दोन नावे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर आहे.

पण त्याआधी आपल्या घरचे. हे प्राणी परदेशी पुस्तकातले नाहीत. 1858 साली मुंबईचे डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी लंडनच्या एका नियतकालिकात तळ्यातल्या एका ब्रायोझोआचे वर्णन छापले. तो प्राणी नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना मिळाला होता. ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे तेच हिस्लॉप. धर्मप्रसारासाठी आले आणि विदर्भातले दगड, जीवाश्म, आदिवासींच्या बोली गोळा करीत राहिले. 1863 साली पूर आलेल्या नदीत बुडून ते गेले. कार्टरांनी त्या प्राण्याला नाव दिले हिस्लोपिया लॅकुस्ट्रिस, तळ्यातली हिस्लोपिया. त्यांना ती समुद्रातल्या ओठतोंड्यांची नातलग वाटली. आज तिला बिनकवचाच्या टेनोस्टोमांत ठेवतात. म्हणजे गण बदलला, पण एक गोष्ट कार्टरांनी बरोबर ओळखली : नागपूरच्या तळ्यातल्या या प्राण्याचे गोत्र समुद्रातले आहे, गोड्या पाण्यातल्या खास वर्गातले नाही.

कार्टरांच्या स्वतःच्या नावाची एक जाती आहे, लोफोपोडेला कार्टेरी. ती त्यांनी मुंबईत पाहिली, नाव 1866 साली अमेरिकेच्या हायट यांनी दिले. या गोड्या पाण्यातल्या प्राण्यांची एक युक्ती फार छान आहे. पाणी आटायला लागले की ते कडक कवचाची बीजे तयार करतात, त्यांना स्टॅटोब्लास्ट म्हणतात. वसाहत मरते, बीज कोरड्या चिखलात टिकते, पाऊस आला की उगवते. आपल्या दुष्काळी तळ्यांना अगदी शोभणारी व्यवस्था! कार्टेरीच्या बीजांना दोन्ही टोकांना आकडे असतात, त्यामुळे ती कशालाही अडकून प्रवास करतात. 1930 च्या दशकात ही आपली कार्टेरी अमेरिकेतल्या सरोवरांतही सापडली. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी 1911 साली भारतातल्या गोड्या पाण्याच्या पॉलिझोआंवर ग्रंथ लिहिला. त्यात इगतपुरीच्या तळ्यातले नमुने आहेत. पुढच्या वेळी इगतपुरीला गाडी थांबली की वडा खाताना याची आठवण ठेवा.

आता जीवाश्मांकडे वळू. इथे आम्हां पुणेकरांची अडचण होते. आपण ज्या येरवड्यात बसलो आहोत त्याच्या खाली काय आहे? काळा पाषाण. बंडगार्डनपाशी नदीत दिसतो तोच, टेकड्यांच्या खाणीत दिसतो तोच. हा लाव्हा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्ह्यात समुद्राचे जीवाश्म मिळत नाहीत. दोन थरांच्या मध्ये तळ्यांचा गाळ सापडतो, हिस्लॉप यांनी नागपूरजवळ टाकळीला तो अभ्यासला, पण तोही गोड्या पाण्याचा. म्हणून पुण्याच्या जीवाश्मतज्ज्ञाला समुद्र शोधायचा तर पठाराच्या कडेला जावे लागते : उत्तरेला नर्मदेच्या खोऱ्यात, पश्चिमेला कच्छमध्ये, नाहीतर दक्षिणेला तमिळनाडूत अरियलूरकडे.

नर्मदेच्या खोऱ्यात बाघ. तिथली लेणी ज्या वाळूच्या खडकात कोरली आहेत, त्याच्या वर चुनखडकांचे थर आहेत. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी अरबी समुद्राच्या बाजूने समुद्राचा एक हात नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता. त्याचा हा गाळ. नंतर समुद्र हटला, आणि मग या सगळ्यावर दख्खनचा लाव्हा पसरला. 1884 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रमथनाथ बोस यांनी या थरांची तपशीलवार मांडणी केली. खाली गाठींचा चुनखडक, मध्ये देवला–चिराखानची चिकणमाती, वर कोरलाइन चुनखडक. तोच आमच्या टेबलावरचा.

1939 साली जी. डब्ल्यू. चिपळोणकर यांनी ‘बाघ थरांतले ब्रायोझोआ’ या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. बाघच्या थरांतल्या जीवाश्मांवर ते त्या काळात एकामागून एक लेख लिहीत होते : सागरी अर्चिन, शिंपले, अमोनाइट. तो पोवळ्यांचा म्हणवला जाणारा खडक खरे म्हणजे शेवाळप्राण्यांनी भरलेला आहे, हे त्यांच्या या कामातून उभे राहिले. पुढे ते पुण्यात ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत आले. लॉ कॉलेज रस्त्यावरची ही संस्था 1946 सालची. 1992 पासून तिला तिचे संस्थापक-संचालक शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव आहे. आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ, पण तरुणपणी त्यांनी सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या उपनद्यांमध्ये गोड्या पाण्यातला जेलीफिश शोधला होता. त्या काळी खण इतके बंद नव्हते. या संस्थेत चिपळोणकरांनी जीवाश्मांच्या अभ्यासाची परंपराच उभी केली.

चिपळोणकरांनी वर्णन केलेल्या जातींपैकी एकीचे नाव डायमॉर्फोपोरा, म्हणजे दोन प्रकारची छिद्रे असलेली. फांद्या फुटलेली वसाहत, लांब लांब नळ्या, नळ्यांची तोंडे पृष्ठभागावर, काही मोठी आणि त्यांच्यामध्ये काही बारीक. लांब नळ्या म्हणजे गोलतोंड्यांची खूण. त्यांनी ती गोलतोंड्यांत ठेवली. त्या काळी कोणीही तसेच केले असते.

पुढे पन्नासएक वर्षांनी त्यांच्याच संस्थेतले आर. एम. बडवे आणि लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे पॉल टेलर यांनी हे नमुने पुन्हा तपासले. काम 1995 साली प्रसिद्ध झाले. निष्कर्ष असा, की ही जाती गोलतोंडी नाहीच. ती ओठतोंडी आहे. तिने गोलतोंड्यांचे रूप घेतले आहे, पण आतल्या घडणीचा पुरावा दुसऱ्या गणाचा. युरोपातही हिची नातलग सापडली. जुन्या कोणत्याच प्रजातीत ती बसेना, म्हणून नवी प्रजाती करावी लागली. तिचे नाव ठेवले चिपळोणकरिना.

मंडळी, इथे जरा थांबू. ज्या माणसाचे वर्गीकरण चुकले होते, त्याच्याच नावाने दुरुस्ती केली. आजही त्या जातीचे पूर्ण नाव लिहिताना शेवटी कंसात लिहितात : चिपळोणकर, 1939. कंस याचा की जाती यांनी ओळखली, प्रजाती नंतर बदलली. एका कंसात शोध आणि दुरुस्ती दोन्ही नोंदवलेले. आपल्याकडे गुरूची चूक दाखवली तर तो अपमान समजतात. या शास्त्रात ती नोंद आहे, आणि नोंदीत नाव गुरूचेच. आमच्या त्या विद्यार्थ्याने भिंग लावून संकोचत जे सांगितले, त्याचे मोल आम्हांला या कंसामुळे उमगले.

आता आमच्या शास्त्राचा मुद्दा. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रश्न येतो, की ‘गाय’ या शब्दाचा अर्थ काय? समोरची एक गाय, म्हणजे व्यक्ती? गाईचा आकार, म्हणजे आकृती? की गोत्व, म्हणजे जाती? तिथे उदाहरण दिले आहे मातीच्या गाईचे. तिला व्यक्तित्व आहे, आकृतीही आहे, पण कोणी ‘गाय धुवा, गाय दान द्या’ म्हटले तर आपण मातीची गाय पुढे करीत नाही. आपल्याकडे पोळ्याला मातीचे बैल करतात. मुलगा त्यांना पळवतो, पण नांगराला कोणी जुंपत नाही. आकृती आहे, जाती नाही. शेवटी न्यायाचे म्हणणे असे, की शब्दाच्या अर्थात व्यक्ती, आकृती, जाती तिन्ही येतात, प्रसंगाप्रमाणे एकेकाला प्राधान्य मिळते.

चिपळोणकरिना ही निसर्गाने केलेली मातीची गाय आहे. आकृती गोलतोंड्याची, जाती ओठतोंड्याची. जीवशास्त्रात याला समरूपता म्हणतात. रूप सारखे, कूळ वेगळे. फरक एकच, पण तो फार मोठा आहे. नैयायिकांची जाती नित्य आहे, ती जन्मत नाही, मरत नाही. जीवशास्त्रातली जाती जन्मते, बदलते आणि मरते. तिथे जाती म्हणजे वंश. म्हणूनच खण चुकला की इतिहासही चुकतो. कसे ते सांगतो.

या समाजाचा इतिहास थोडक्यात असा. निर्विवाद सर्वांत जुने जीवाश्म ऑर्डोव्हिशियन काळाच्या सुरुवातीचे, सुमारे 48 कोटी वर्षांपूर्वीचे. त्यानंतर नळीवाल्यांचे अनेक गण फोफावले. जाळीदार पंख्यासारखे, काडीसारखे, गड्ड्यासारखे. पुराजीव महाकल्पातले चुनखडक कित्येक ठिकाणी यांनीच भरलेले आहेत. मग सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी, पर्मियनच्या अखेरीस, पृथ्वीवरचा सर्वांत मोठा विनाश झाला. नळीवाले जवळजवळ गेलेच. जे थोडे उरले तेही ट्रायासिकमध्ये संपत गेले, फक्त गोलतोंडे तगले आणि ज्युरासिकमध्ये पुन्हा वाढले. ज्युरासिकच्या अखेरीस ओठतोंडे पहिल्यांदा दिसतात, येमेनमधल्या खडकांत. बराच काळ ते नगण्य होते. आणि मग क्रिटेशसच्या मध्यावर, दहा कोटी वर्षांच्या आसपास, त्यांचा स्फोट होतो. शेकडो जाती.

बाघचा समुद्र नेमका या स्फोटाच्या काळातला आहे. आता विचार करा. चिपळोणकरिना गोलतोंडी मानली, तर बाघचा खडक सांगतो की या समुद्रात जुन्या घराण्याची चलती होती. ती ओठतोंडी ठरली, की तोच खडक सांगतो की नवे घराणे इथेही पोचले होते आणि जुन्यांचा वेश घेऊन वावरत होते. दगड तोच, छिद्रे तीच. खण बदलला आणि इतिहासाचे वाक्य उलटे झाले.

पुढचेही पाहा. ओठतोंडे वाढले आणि गोलतोंडे मागे पडले, हे पाहून सरळ उत्तर असे दिले गेले, की नव्यांनी जुन्यांना हटवले. पुरावाही होता. जीवाश्म शिंपल्यांवर दोघांच्या वसाहती एकमेकींवर चढलेल्या दिसतात. कोण कोणावर चढले ते मोजता येते, आणि बहुतेक वेळा ओठतोंडे जिंकलेले असतात. मात्र 2021 साली मोठ्या प्रमाणावर जीवाश्मांची आकडेवारी घेऊन पुन्हा पाहिले तेव्हा, एकाच्या भरभराटीमुळे दुसऱ्याच्या जाती कमी झाल्या असा पुरावा मिळाला नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या भांडणातला जय हे राज्य बदलण्याचे कारण ठरत नाही. ‘यानंतर, म्हणून यामुळे’ हा हेत्वाभास आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. तो कोट्यवधी वर्षांच्या मोजमापावरही होऊ शकतो.

आणि या सगळ्याच्या शेवटी लाव्हा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनोसोर गेले, त्याच सुमारास आपल्या या जमिनीवर लाव्ह्याचे थरावर थर चढत होते. त्याच वेळच्या थोडे नंतर डेन्मार्कच्या समुद्रतळाशी शेवाळप्राण्यांची गर्दी झाली. स्टेव्हन्स क्लिंट या कड्यात, विनाशाच्या रेषेच्या वर, त्यांच्याच चुनखडकाचा जाड थर आहे. इकडे आपला काळा पाषाण, तिकडे तो पांढरा. जवळजवळ एकाच वेळचे दोन दगड.

खण चुकण्याचे सर्वांत ताजे उदाहरण सांगतो. कँब्रियन काळात, सुमारे 54 ते 52 कोटी वर्षांपूर्वी, प्राण्यांचे जवळजवळ सगळे मोठे संघ अवतरले. अपवाद ब्रायोझोआ. हा एकटाच उशिरा का, हे कोडे होते. 2021 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले, की ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण चीनमधला प्रोटोमेलिशन नावाचा कँब्रियन जीवाश्म ब्रायोझोआ आहे. कोडे सुटले! दोनच वर्षांनी, 2023 मध्ये, त्याच ‘नेचर’मध्ये दुसऱ्या गटाने चीनमधल्या मऊ भाग टिकलेल्या नमुन्यांवरून म्हटले, की हा प्राणी नव्हेच, ही हिरवी शैवल आहे. एलिस यांनी 1755 मध्ये ज्यांना झाडांच्या खणातून काढले, त्यांच्यातला एक संशयित 2023 मध्ये पुन्हा झाडांच्या खणात! इथे एका वस्तूच्या खणाला एका संपूर्ण संघाची जन्मतारीख टांगलेली आहे. साडेतीन कोटी वर्षे इकडे की तिकडे.

मग ‘कोरलाइन चुनखडक’ हे नाव चूक म्हणायचे का? आम्ही बरीच वर्षे म्हणत होतो. आता कचरतो. इथून जवळच आपले डेक्कन कॉलेज आहे. तिथे 1948 पासून संस्कृतचा ऐतिहासिक तत्त्वावरचा महाकोश चालू आहे. एकेक शब्द कोणत्या काळी कोणत्या अर्थाने आला हे दाखवणारा. त्या कोशाची शिकवण अशी, की शब्दाला दोष देण्याआधी त्याची तारीख पाहा. एलिस यांच्या काळापासून ‘कोरलाइन’ या शब्दात शेवाळप्राणी येतच होते. इंग्लंडमध्ये सफक परगण्यात एका जीवाश्म थराला 1835 पासून ‘कोरलाइन क्रॅग’ म्हणतात, तोही शेवाळप्राण्यांवरूनच. म्हणजे नाव त्या काळच्या भाषेत बरोबर असू शकते. शब्दाचा अर्थ सरकला, दगड जागेवर राहिला. आणि त्याचे ‘पोवळ्यांचा चुनखडक’ असे मराठी भाषांतर करून वर्गात शिकवण्याची चूक मात्र निखळ आमची.

आमचे म्हणणे इतकेच आहे. वर्गीकरणात चूक होणे हे लाजिरवाणे नाही. दुरुस्त करता न येणे हे लाजिरवाणे. चिपळोणकरांचे नमुने जपून ठेवलेले होते, कोणत्या थरातले, कोणत्या गावचे हे लिहिलेले होते, म्हणून बडवे आणि टेलर यांना ते पुन्हा तपासता आले. हीच परंपरा पुढे कच्छपर्यंत आणि महाराष्ट्र–गोव्याच्या किनाऱ्यावरच्या अलीकडच्या जीवाश्मांपर्यंत बडवे आणि त्यांचे सहकारी सोनार यांनी नेली. ज्या दिवशी आपण म्हणू, की वर्णन छापून झाले, आता दगड कशाला सांभाळायचे, त्या दिवशी चूक कायमची होईल. आमचा टेबलावरचा दगड आम्ही त्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन केला. पण नेमका कोणत्या बांधावरून उचलला हे आम्हांला सांगता आले नाही. चिठ्ठी लिहिली नव्हती. तो म्हणाला, सर, मग हा फक्त दगड आहे. हे मात्र आम्हांला फार लागले.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन)

प्रश्न : सर, खण जर सारखे बदलतात, तर ते माणसाने मनाने पाडलेले आहेत असेच म्हणायचे ना?

उत्तर : मोह होतो, पण तसे नाही. नाव आपण देतो, नाते आपण देत नाही. याची एक परीक्षाही झालेली आहे. कॅरिबियन समुद्रातल्या ओठतोंड्यांच्या जाती जीवाश्मतज्ज्ञ फक्त सांगाड्याच्या मोजमापावरून वेगळ्या करीत. दगडात दुसरे काही उरतच नाही. शंका अशी की हे भेद खरे कशावरून? 1990 साली जॅक्सन आणि चीटम यांनी जिवंत प्राणी घेतले, आधी सांगाड्यावरून जाती ठरवल्या, मग संततीवरून आणि जनुकीय भेदांवरून तपासल्या. दोन्ही उत्तरे जुळली. म्हणजे नीट पाहिली तर आकृती जातीची साक्ष देते. कधी कधी खोटी साक्ष देते, चिपळोणकरिनासारखी. म्हणून उलटतपासणी हवी. साक्षीदार फितूर होतो म्हणून न्यायालय बंद करीत नाहीत.

प्रश्न : हे प्राणी आम्हांला कुठे पाहायला मिळतील?

उत्तर : रत्नागिरी–मालवणकडे गेलात तर किनाऱ्यावर पडलेला शिंपला उलटा करा. आतल्या बाजूला पांढरी बारीक जाळी पसरलेली दिसली तर भिंग लावा. एकसारख्या चिमुकल्या पेट्यांची रांग दिसली तर बहुधा ओठतोंडे. गोड्या पाण्यात, तळ्यातल्या बुडालेल्या काटकीच्या किंवा पानाच्या खालच्या बाजूला पाहा. तपकिरी फांद्यांची जाळी किंवा पारदर्शक चिकट गोळा दिसेल. काटकी पाण्याच्या बशीत ठेवून दहा मिनिटे हलवू नका. झुपके हळूच बाहेर येतात. आणि हो, काही घरी आणलेत तर कुठून आणले आणि कोणत्या तारखेला, एवढी चिठ्ठी तेवढी जोडा. आमच्यासारखे करू नका.